विवेचक ऋण आला की पुढे काय? (दहावीची वर्गसमीकरणे ते अकरावीच्या संमिश्र संख्या)

फळाखडू

दहावीच्या गणित भाग १ मध्ये दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे. अकरावी विज्ञानाच्या गणित भाग २ मध्ये पहिलेच प्रकरण संमिश्र संख्यांचे. मध्ये म्हटले तर एक सुट्टी, पण मुलांच्या लेखी ही दोन वेगवेगळ्या गावची माणसे असतात. दहावीत 'विवेचक ऋण, म्हणून उत्तर नाही' लिहून वही मिटलेली असते आणि अकरावीत तेच गणित 'सोडवा' म्हणून समोर येते.

दोन्ही वर्गांना शिकवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. दहावीत विवेचक ऋण आल्यावर फळ्यावर नेमके कोणते वाक्य लिहावे?
२. अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र, यांपैकी कशावर जास्त तासिका खर्च कराव्यात?
३. अकरावीत 'समजा −१ ला वर्गमूळ आहे' अशी सुरुवात टाळता येते का? ती मुलांना हातचलाखी वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

टंकायच्या सोयीसाठी धाग्यात अज्ञात क्ष, सहगुणक अ, ब, क आणि −१ चे वर्गमूळ 'इ' असे लिहू या. म्हणजे समीकरण अक्ष² + बक्ष + क = ०, विवेचक ब² − ४अक, आणि म + नइ अशा रूपाची संख्या संमिश्र (म वास्तव भाग, न काल्पनिक भाग).

---

काटकोन

पहिल्याचे उत्तर एका शब्दात आहे: 'वास्तव'. फळ्यावर 'वास्तव मुळे नाहीत' असेच लिहायचे. 'मुळे नाहीत', 'उत्तर निघत नाही', 'गणित चुकले' यातले काहीही चालवून घ्यायचे नाही. पाठ्यपुस्तकातही मुळे वास्तव संख्या नसतात असेच म्हटलेले असते, पण तोंडी बोलताना आपण 'वास्तव' गाळतो आणि मुलगा तोंडीच लक्षात ठेवतो.

पटवून द्यायला सहावीपर्यंत मागे जावे. दुसरीत आपण '३ मधून ५ जात नाहीत' म्हणतो. सहावीत पूर्णांक आले की जातात. ७ भागिले २ ला तिसरीत बाकी उरते, अपूर्णांक आले की उरत नाही. तेव्हा 'नाही' म्हणताना कोणत्या संख्यांमध्ये नाही हे सांगायची सवय दहावीत लावता येते. एवढे झाले तरी अकरावीचे निम्मे काम हलके होते.

---

करणी

दुसऱ्या प्रश्नावर. अवयव पद्धतीवर आपण गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतो, कारण ती बघायला छान दिसते. तरीही तिथे होणाऱ्या चुका पुढे अकरावीत जशाच्या तशा येतात, म्हणून त्या सविस्तर लिहिते.

मधले पद फोडणे: ६क्ष² − क्ष − २ = ०. टोकांचा गुणाकार −१२, मधला सहगुणक −१, म्हणून जोडी −४ आणि ३.

६क्ष² − ४क्ष + ३क्ष − २ = २क्ष(३क्ष − २) + १(३क्ष − २)

इथे तो '१' लिहायला लावाच. न लिहिणारी मुले पुढच्या ओळीत २क्ष(३क्ष − २) एवढेच ठेवतात आणि एक मूळ ० काढतात. हीच पदे उलट क्रमाने घेतली तर ६क्ष² + ३क्ष − ४क्ष − २ होते, आणि −२ सामाईक काढताना कंसात २क्ष − १ लिहिले जाते. असायला हवे २क्ष + १. म्हणून जमेल तेव्हा धन पद तिसऱ्या जागी ठेवायला सांगावे. गणिती कारण काही नाही, चिन्हाचा अपघात टळतो एवढेच.

शून्य गुणाकाराचा गुणधर्म: (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ दिले की वर्गातली बरीच मुले क्ष − ३ = ८ किंवा क्ष − ५ = ८ लिहून ११ आणि १३ काढतात. लगेच ताळा करायला लावा: ११ घातले तर ८ × ६ = ४८. मग विचारा, दोन संख्यांचा गुणाकार ८ असेल तर त्यातली एक ८ असलीच पाहिजे का? २ आणि ४ चालतात, १६ आणि अर्धा चालतो. गुणाकार ० असेल तर? तेव्हा मात्र सुटका नाही, एक तरी शून्य हवीच. सगळी अवयव पद्धत या एका गुणधर्मावर उभी आहे आणि म्हणूनच उजवीकडे ० आणावे लागते. बरोबर रीत: क्ष² − ८क्ष + ७ = ०, मुळे १ आणि ७.

क्षने भागणे: क्ष² = ७क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागले, क्ष = ७, संपले. ० हे मूळ गेले. 'ज्याने भागतोय ते शून्य असू शकते का?' हा प्रश्न प्रत्येक भागाकाराआधी विचारायचा.

वर्गमूळ: √४९ म्हणजे ७, फक्त ७. क्ष² = ४९ ची मुळे मात्र ७ आणि −७. चिन्ह √ आणि समीकरण यांतला हा फरक दहावीत घोटवला नाही तर अकरावीत √ च्या आत ऋण संख्या आली की गोंधळ दुप्पट होतो.

---

मधली_सुट्टी

'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्यही त्या यादीत घाला. २क्ष = ६ मध्ये २ ची बाजू बदलून क्ष = ६ − २ करणारी मुले दहावीतही सापडतात.

---

करणी

@मधली_सुट्टी, १०० टक्के. 'दोन्ही बाजूंतून तेच वजा केले', 'दोन्ही बाजूंना त्यानेच भागले' असे पूर्ण वाक्य बोलायला लावणे हा एकच उपाय.

आता सूत्र, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/(२अ). २क्ष² − ७क्ष − ४ = ० हे उदाहरण चुका तपासायला फार उपयोगी, कारण उत्तर कुठे फसले ते आकड्यावरून ओळखता येते. खरा विवेचक ४९ + ३२ = ८१, मुळे ४ आणि −१/२.

मुलाने विवेचक १७ काढला असेल तर −४अक मध्ये क चे ऋण चिन्ह हरवले (४९ − ३२).
−१७ काढला असेल तर (−७)² चे −४९ झाले.
−८१ काढला असेल तर दोन्ही चुका एकदम.
विवेचक बरोबर पण मुळे १/२ आणि −४ आली असतील तर −ब लिहिताना −(−७) चे −७ झाले.

यांत दुसरी चूक सर्वांत वाईट, कारण −१७ पाहून मुलगा निर्धास्तपणे 'वास्तव मुळे नाहीत' लिहितो आणि पुढे जातो. यावर एक कुलूप आहे: अ आणि क ची चिन्हे विरुद्ध असतील तर −४अक धन असतो, ब² ऋण होऊच शकत नाही, म्हणून विवेचक धनच. तरीही ऋण आला तर गणित चुकले आहे, समीकरणाचा दोष नाही. सूत्राआधी अ आणि क ची चिन्हे बघायची सवय लावा, पाच सेकंद लागतात.

अजून एक: भागाकाराची रेघ −ब च्या खालूनही गेली पाहिजे. वहीत ती फक्त वर्गमूळाखाली येते आणि २अ ने अर्ध्याच भागाला भागले जाते.

---

जुनी_पाटी

तासिका द्यायच्या तर पूर्ण वर्गाला द्या. सूत्र तिथूनच येते, आणि अकरावीही तिथूनच सुरू होते.

पुस्तकातल्या रीतीत आधी अ ने भागतात, मग ब/२अ चा वर्ग मिळवतात. अपूर्णांकांत मुले तिथेच बुडतात. श्रीधराचार्यांची रीत इथे सोपी पडते. भास्कराचार्यांनी 'बीजगणित'मध्ये तिचा उल्लेख केला आहे. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचे आणि ब² मिळवायचा. अपूर्णांक शेवटच्या ओळीपर्यंत येतच नाही.

२क्ष² + ५क्ष = ३
८ ने गुणून: १६क्ष² + ४०क्ष = २४
२५ मिळवून: (४क्ष + ५)² = ४९
४क्ष + ५ = ७ किंवा −७
क्ष = १/२ किंवा −३

हेच अक्षरांनी केले की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक. सूत्र दोन ओळींत तयार. पण फळाखडूंच्या प्रश्नाच्या दृष्टीने या ओळीत मोठी गोष्ट आहे. विवेचक हा (२अक्ष + ब) चा वर्ग आहे. म्हणून तो शून्य असला की एकच मूळ, धन असला की दोन, आणि ऋण असला की वास्तव मूळ नाही, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. तीन नियम पाठ करायची गरजच उरत नाही.

भास्कराचार्यांनीही ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचा वर्गच नाही, असे म्हणून ठेवले आहे. कारण अगदी हेच. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. जळगाव-धुळ्याकडच्या शाळांनी सहल काढावी असे ठिकाण.

शाब्दिक उदाहरणांत मूळ नाकारण्यासाठीही 'बीजगणित'मधली माकडांची दोन गणिते घ्या. पहिले: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो, उरलेली १२ टेकडीवर. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, मुळे १६ आणि ४८. दोन्ही चालतात. दुसरे: पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला तेवढी माकडे गुहेत, १ झाडावर. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळे ५० आणि ५. यात ५ नाकारावे लागते, जरी ते धन आहे, कारण पाचवा भाग १ आणि त्यातून ३ वजा केले की −२ माकडे उरतात. 'ऋण मूळ टाकायचे' एवढाच नियम घोकलेल्या मुलाला हे गणित छान हलवते.

---

तिरकी_रेघ

आलेखाशिवाय ही चर्चा अपुरी. एकच कुटुंब घ्या: क्ष² − ४क्ष + क. फक्त क बदलत न्यायचा.

क = ० : मुळे ० आणि ४
क = ३ : १ आणि ३
क = ४ : २ आणि २
क = ५ : २ ± इ
क = ८ : २ ± २इ
क = १३ : २ ± ३इ

दहावीत पहिल्या तीन ओळी काढून घ्या. वक्र वर सरकतो, दोन्ही मुळे एकमेकांकडे येतात, २ वर भेटतात. मग क = ५ चा वक्र काढा. तो क्ष-अक्षाला शिवतच नाही. इथे थांबायचे, 'वास्तव मुळे नाहीत' लिहायचे. अकरावीत नेमका हाच आलेख पुन्हा काढायचा आणि उरलेल्या तीन ओळी भरायच्या. मुळे २ वर भेटल्यावर गायब होत नाहीत, काटकोनात वळून अक्षाच्या वर-खाली जातात.

जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये क साठी स्लायडर ० ते १३ ठेवा आणि 'कॉम्प्लेक्सरूट' ही आज्ञा द्या, दोन ठिपके हलताना दिसतात. प्रोजेक्टर नसेल तर आलेख कागद पुरतो: क = १३ चा वक्र काढा, (क्ष − २)² + ९, तळाचा बिंदू (२, ९). हा वक्र त्या बिंदूत उलटा पाडा, म्हणजे ९ − (क्ष − २)². उलटा वक्र अक्षाला −१ आणि ५ ला छेदतो. ही दोन टोके २ पासून ३-३ अंतरावर आहेत. आता टाचणी (२, ०) वर रोवून तो रेषाखंड ९० अंशांनी फिरवा. टोके जिथे येतात ती मुळे, २ + ३इ आणि २ − ३इ. ट्रेसिंग पेपर असेल तर पाच मिनिटांचे काम.

एक सावधगिरी: आलेख कागदावरचा उभा अक्ष किमतींचा आहे आणि फिरवल्यावरचा उभा अक्ष काल्पनिक भागाचा. एकाच चित्रात दोन अर्थ येतात. दुसऱ्या रंगाच्या खडूने तो अक्ष वेगळा काढा, नाहीतर हुशार मुले इथेच अडतात, आणि रास्त अडतात.

---

पाढेपाठ

पालक म्हणून वाचतोय, गणित बऱ्यापैकी येते. एक शंका. √−४ गुणिले √−९ म्हणजे √३६, म्हणजे ६, बरोबर ना? अकरावीच्या वहीत −६ लिहिले आहे.

---

काटकोन

@पाढेपाठ, वही बरोबर आहे. √म × √न = √(मन) हा नियम म आणि न शून्य किंवा धन असताना सिद्ध केलेला असतो. दोघेही ऋण असले की तो मोडतो. २इ × ३इ = ६इ² = −६. मुलांना एकच शिस्त लावायची: वर्गमूळात ऋण दिसले की दुसरे काहीही करण्याआधी इ बाहेर काढायचा.

आता फळाखडूंचा तिसरा प्रश्न, जो मला खरा कळीचा वाटतो. क्ष² + १ = ० पासून सुरुवात केली तर मूल म्हणणार, 'उत्तर नाही म्हणून सोडून देऊ, नवी संख्या कशाला?' आणि त्याचे बरोबर आहे. इतिहासातही नुसत्या वर्गसमीकरणाने कोणाला भाग पाडले नाही. इटालियन गणिती कार्दानोने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग करायचे गणित घेतले की ज्यांचा गुणाकार ४०, आणि ५ ± √−१५ लिहून ते निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले. भाग पाडले घन समीकरणाने. बोम्बेल्लीचे १५७२ चे उदाहरण घ्या:

क्ष³ = १५क्ष + ४

४ घालून बघा: ६४ = ६० + ४. मूळ ४, अगदी साधे, वास्तव. पण घन समीकरणाचे सूत्र लावले की २ + √−१२१ चे घनमूळ अधिक २ − √−१२१ चे घनमूळ असे बाहेर येते. उत्तर डोळ्यांसमोर आहे आणि सूत्राची वाट ऋणाच्या वर्गमूळातून जाते. सोडून द्यायची सोयच नाही. बोम्बेल्लीने नेहमीचे बीजगणित चालू ठेवले:

(२ + इ)³ = ८ + १२इ + ६इ² + इ³ = ८ + १२इ − ६ − इ = २ + ११इ

म्हणजे पहिले घनमूळ २ + इ, दुसरे २ − इ, बेरीज ४. उरलेली दोन मुळेही काढून घ्या: क्ष³ − १५क्ष − ४ = (क्ष − ४)(क्ष² + ४क्ष + १), म्हणून −२ ± √३. तिन्ही वास्तव. घनाचे सूत्र सिद्ध करायची गरज नाही, फळ्यावर लिहून द्यावे. पंधरा-वीस मिनिटे जातात, पण 'हे कशाला' हा प्रश्न परत येत नाही.

दुसऱ्या तासाला इ म्हणजे पाव वळण. चौकटीच्या वहीत ३ वर बोट ठेवा, −१ ने गुणले की −३, अर्धे वळण. असे कोणते गुणन की जे दोनदा केल्यावर अर्धे वळण होईल? पाव वळण. ३ + २इ ला इ ने गुणा: −२ + ३इ. दोन्ही बिंदू काढून आरंभबिंदूला जोडा, गुण्या लावा, काटकोन दिसतो. मग (२ + इ)(३ + इ) = ५ + ५इ. कोनमापकाने तिन्ही कोन मोजायला लावा: साधारण २६.५, १८.५ आणि बरोबर ४५ अंश. कोनांची बेरीज होते हे मुले स्वतः मोजून सांगतात. लांब्या √५, √१० आणि √५०, त्यांचा गुणाकार. ध्रुवीय रूप (संख्या लांबी आणि कोनाने लिहिणे) पुढे येते तेव्हा ते आधी पाहिलेलेच असते.

---

मधली_सुट्टी

म्हणजे संमिश्र मुळे नेहमी जोडीनेच येतात, ± मुळे. एक काढले की दुसरे फुकट.

---

करणी

नेहमी नाही. सहगुणक वास्तव असतील तरच. उदाहरणार्थ क्ष² − (३ + इ)क्ष + (२ + २इ) = ०. विवेचक (३ + इ)² − ४(२ + २इ) = ८ + ६इ − ८ − ८इ = −२इ. आणि −२इ = (१ − इ)². मुळे (३ + इ + १ − इ)/२ = २ आणि (३ + इ − १ + इ)/२ = १ + इ. एक वास्तव, एक संमिश्र, जोडीबिडी काही नाही. ± च्या दोन बाजू अनुबद्ध (फक्त इ च्या पदाचे चिन्ह वेगळे असलेली जोडी) होतात त्या −ब/२अ वास्तव आणि वर्गमूळ निव्वळ काल्पनिक असेल तेव्हा.

'अनुबद्ध' हा शब्द मुलांना नववीतच भेटलेला असतो, करणींच्या (√२ सारख्या मुळांच्या) छेदाचे परिमेयीकरण करताना. ५/(३ − √२) ला ३ + √२ ने वर-खाली गुणून ५(३ + √२)/७ करता येणाऱ्या मुलाला संमिश्र संख्यांचा भागाकार वेगळा शिकवावाच लागत नाही. एकच फरक: तिथे छेदात वर्गांची वजाबाकी, इथे बेरीज. ५/(३ − ४इ) मध्ये छेद ९ + १६ = २५. सवयीने ९ − १६ लिहितात, त्यावर लक्ष ठेवा.

---

जुनी_पाटी

वर −२इ चे वर्गमूळ एकदम लिहिले आहे. ते कसे काढायचे तेही द्या, तिथे मुले चार उत्तरे काढतात.

---

करणी

खरे आहे. −५ + १२इ घेऊ. (म + नइ)² = −५ + १२इ. वास्तव भाग म² − न² = −५. काल्पनिक भाग २मन = १२. तिसरे समीकरण मापांकाचे (आरंभबिंदूपासूनच्या लांबीचे), म² + न² = १३. पहिले आणि तिसरे मिळवून म² = ४, न² = ९. इथे मुले म = ±२, न = ±३ लिहून चार जोड्या करतात. २मन = १२ धन आहे, म्हणून म आणि न एकाच चिन्हाचे: ±(२ + ३इ), फक्त दोन. −२इ मध्ये २मन = −२, म्हणून विरुद्ध चिन्हे: ±(१ − इ). दुसरे समीकरण वापरले नाही की दोन खोटी उत्तरे शिल्लक राहतात.

---

तिरकी_रेघ

आर्ग्युमेंटची (आरंभबिंदूपासून बिंदूकडे जाणाऱ्या रेषेच्या कोनाची) चूकही त्याच जातीची. −१ − इ साठी स्पर्शकाचा व्यस्त (टॅन इन्व्हर्स) काढला की पाय/४ (म्हणजे π/४) येतो, कारण भागाकारात दोन्ही ऋण चिन्हे कापली जातात. बिंदू तिसऱ्या चरणात आहे. आधी ठिपका काढा, चरण बघा, मग कोन लिहा. उत्तर ५पाय/४ की −३पाय/४ हे मर्यादा ० ते २पाय घेतली आहे की −पाय ते पाय यावर ठरते. वर्गाच्या पहिल्या दिवशी कोणती मर्यादा ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांत सहसा दुसरी असते, आणि दोन्ही पुस्तके एकत्र वापरणारी मुले इथे गुण घालवतात.

---

पाढेपाठ

धन्यवाद काटकोन. अजून एक बालिश प्रश्न. ३ + २इ मोठी की १ + इ?

---

काटकोन

बालिश मुळीच नाही, वर्गात कोणी विचारला नाही तर आपण विचारावा. समजा इ > ० मानले. धन संख्येने दोन्ही बाजूंना गुणले की चिन्ह तसेच राहते, इ² > ०, म्हणजे −१ > ०. समजा इ < ० मानले. ऋणाने गुणले की चिन्ह उलटते, पुन्हा इ² > ०. दोन्हीकडून तोच घोटाळा. बेरीज-गुणाकाराशी जुळेल असा लहान-मोठेपणा तिथे लावता येत नाही. मापांकांची तुलना करता येते, त्या वास्तव संख्या आहेत.

म्हणूनच असमानतेची चिन्हे दिसली की थांबायचे. आणि ३ + ४इ चा काल्पनिक भाग ४ आहे, ४इ नाही. एका गुणाच्या प्रश्नात हमखास जातो.

---

फळाखडू

खूप मिळाले. दहावीसाठी वाक्य ठरले, श्रीधराचार्यांची रीतही ठरली. एक मतभेद मांडतो: दहावीत क = ५ च्या आलेखावर थांबताना 'पुढे अकरावीत बघू' एवढेही म्हणू नये असे माझ्या शाळेतल्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. परीक्षेत कोणी २ ± इ लिहिले तर?

---

करणी

एक वाक्य बोलावे, लिहू नये. दहावीच्या उत्तरपत्रिकेत 'वास्तव मुळे नाहीत' हे वाक्य आणि त्याचे कारण एवढेच अपेक्षित असते. ते दोन्ही लिहून कोणी खाली २ ± इ लिहिले तर त्याने काही बिघडत नाही. पण ते वाक्य न लिहिता नुसते २ ± इ लिहिले तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

---

जुनी_पाटी

इथे माझे थोडे वेगळे मत. एक वाक्यही नको. आलेख अक्षाला शिवत नाही एवढे मनात राहू द्या, नाव नंतर येईल. 'इ' हे अक्षर दहावीत पेरले की क्लासवाले त्याचा शॉर्टकट करून देतात आणि मग आलेख कोणी बघत नाही.

---

काटकोन

दोन्ही चालतील, वर्ग बघून ठरवावे. अकरावीच्या पहिल्या दिवसासाठी मात्र १५ मिनिटांची ही चाचणी सुचवतो. गुण द्यायचे नाहीत, चूक कुठे आहे ते फक्त बघायचे.

१. क्ष² = ७क्ष सोडवा.
२. √४९ ची किंमत आणि क्ष² = ४९ ची मुळे लिहा.
३. (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ सोडवा.
४. ५/(३ − √२) च्या छेदाचे परिमेयीकरण करा.
५. क्ष² − ४क्ष + १३ हे पूर्ण वर्ग अधिक स्थिरपद या रूपात लिहा. त्याची सर्वांत लहान किंमत किती?

तिसरा चुकला तर शून्य गुणाकाराच्या गुणधर्मापासून सुरू करा, चौथा चुकला तर भागाकाराआधी एक तास अनुबद्धावर. पाचवा जमला, किंमत ९ आली, की त्याच ओळीवरून पुढे: (क्ष − २)² = −९, आणि पहिला तास तिथून.

सरावाची समीकरणे बनवायला: मुळे आधी ठरवा. म ± नइ हवी असतील तर क्ष² − २मक्ष + (म² + न²) = ०. ३ ± २इ साठी क्ष² − ६क्ष + १३ = ०. इच्छा असेल तर सगळ्याला २ ने किंवा ३ ने गुणून टाका, म्हणजे अ = १ ची सवय लागत नाही.

---

फळाखडू

चाचणी उतरवून घेतली. सेमीच्या मुलांसाठी पाचव्यात 'स्थिरपद' च्या जागी 'कॉन्स्टंट' लिहितो. आणि पहिल्या तासाला (क्ष + २)³ = क्ष³ − ४ घ्यायचा विचार आहे. घन कापले जातात, वर्गसमीकरण उरते, आणि विवेचक ऋण येतो.

---

करणी

चांगले आहे. कंस उघडून ६क्ष² + १२क्ष + १२ = ० येते, तेव्हा आधी ६ ने भागायला सांगा. न भागता विवेचक १४४ − २८८ = −१४४ येतो, भागल्यावर ४ − ८ = −४. मुळे दोन्हीकडून −१ ± इ. विवेचक वेगळा आणि मुळे तीच कशी, हे मुलांनीच विचारले पाहिजे. तुम्ही आधी सांगू नका.